पाँ बान्या : रात्रभर मुरलेला पाव

उद्या सकाळी सहलीला निघायचं असेल, तर हा पाव आज रात्रीच करून ठेवायचा. सकाळी घाईत केला तर तो दिसायला तसाच दिसेल, पण चव येणार नाही. लोणचं घातल्या दिवशी खाऊन बघितलं तर फोडी वेगळ्या लागतात, खार वेगळा लागतो; तसंच इथे होतं. पाव, तेल, टोमॅटोचं पाणी आणि मासा यांना एकमेकांत मुरायला वेळ लागतो, आणि वरून वजनही लागतं.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षं फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, आँतीब गावात राहत होतो. आमच्या घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या होत्या. दर उन्हाळ्यात कान शहरासमोरच्या सँत-मार्गरीत बेटावर त्या नातवंडांना बोटीने घेऊन जायच्या आणि आदल्या रात्री त्यांच्या ओट्यावर कापडात करकचून गुंडाळलेला एक मोठा गोल पाव असायचा, वर बिडाचं जड पातेलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्या पनीर दाबताहेत. दुसऱ्या दिवशी पाइनच्या सावलीत त्यांनी तो उघडला आणि केकसारखा त्रिकोणी कापला. कापलेल्या बाजूला एकावर एक थर दिसत होते: लाल, पांढरा, पिवळा, हिरवा. पाव आतून तेलाने पारदर्शक झाला होता, तरी बाहेरचं कवच शाबूत. त्या एका तुकड्यासाठी मी पुढची तीन वर्षं त्यांच्या स्वयंपाकघरात जात राहिले.

हा आहे तरी काय

पाँ बान्या हा नीस शहराचा पदार्थ. नीस १८६०पर्यंत सार्डिनियाच्या राज्यात होतं, मग फ्रान्समध्ये आलं, आणि तिथली जुनी बोली आजही पदार्थांच्या नावांत टिकून आहे. त्या बोलीत ‘पाँ बान्या’ म्हणजे न्हालेला, भिजलेला पाव. मासेमार आणि मजूर यांची ही शिदोरी. शिळा, कडक झालेला पाव टाकून द्यायचा नाही, तो टोमॅटोच्या पाण्याने आणि तेलाने मऊ करून घ्यायचा, ही त्यामागची काटकसर. आपल्याकडे शिळ्या भाकरीचा कुस्करा किंवा फोडणीची पोळी ज्या घरांत जन्मली, त्याच प्रकारच्या घरांत हाही जन्मला.

आत जे घालतात ते साधारणपणे ‘सालाद निस्वाज’ या नीसच्या प्रसिद्ध सॅलडचंच सामान: कच्च्या भाज्या, उकडलेली अंडी, खारवलेली अँकोव्ही किंवा ट्यूना, छोटे काळे ऑलिव्ह, बेसिल, ऑलिव्ह तेल. मेयोनीज नाही, चीज नाही, उकडलेला बटाटा नाही. नीसकर या बाबतीत फार हळवे आहेत. खऱ्या पाँ बान्याची कृती जपण्यासाठी तिथे ‘कोम्यून लिब्र द्यु पाँ बान्या’ नावाची एक संस्थाच आहे. मला त्यांचं म्हणणं पटतं. मेयोनीज आलं की तेलाला पावात शिरायला जागा राहत नाही, आणि मग नावात जो ‘भिजलेला’ आहे त्याला काही अर्थ उरत नाही.

नीसच्या दुकानांत तो वजनाखाली ठेवतातच असं नाही, ताजा भरूनही विकतात. दाबण्याची पद्धत घरची, सहलीची. पण नवशिक्यांनी दाबूनच करावा असं मी आग्रहाने सांगेन, कारण दाबल्याने तो सुटत नाही, बॅगेत नीट बसतो आणि खाताना सारण मांडीवर पडत नाही.

एक भीती आधीच काढून टाकते. आपण सँडविच करताना पाव ओला होऊ नये म्हणून धडपडतो. कडेपर्यंत लोणी लावतो, काकडी पुसून घेतो, टोमॅटो शेवटी ठेवतो. इथे सगळं उलट. पाव ओला झालाच पाहिजे. फक्त तो ओला होऊनही उभा राहील असा पाव निवडायला हवा, आणि या पदार्थाचं निम्मं यश तिथेच आहे.

पाव

परत आल्यावर पुण्यात पहिल्यांदा केला तो लादी पावाचा. सकाळी कापड सोडलं तर आत नुसता लगदा. लादी पाव, स्लाइस ब्रेड, बर्गरचा बन हे सगळे मऊ पाव, त्यांना कवच नाही. पाणी आत गेलं की त्यांचं काही उरत नाही. आपल्याला हवा जाड, टणक सालीचा आणि आतून जाळीदार पाव.

नीसमध्ये यासाठी वीतभर रुंदीचा गोल पाव मिळतो. आपल्याकडे पर्याय आहेत आणि चांगले आहेत. मुंबईत इराणी हॉटेलांतला आणि जुन्या बेकऱ्यांतला ब्रुन, म्हणजेच कडक पाव, एकेकट्या माणसासाठी अगदी योग्य. गोव्यात पोदेराकडचा उंडो: गोल, वरून कडक, मधे चीर असलेला, मला तर तो या कामासाठीच केल्यासारखा वाटतो. पोई मात्र नको, ती आतून पोकळ असते, तेल धरायला गर नसतो. चौघांसाठी एकच मोठा करायचा असेल तर बेकरीतून २० ते २२ सेंटिमीटर व्यासाचा, साधारण ४०० ते ४५० ग्रॅमचा गोल सावरडो (आंबवलेल्या खमिराचा, कडक सालीचा पाव) आणा. फोकाच्चा हा इटालियन चपटा पावही चालतो, पण तो आधीच तेलकट असतो, तेव्हा तेल निम्मं करा. बगेट घेतला तर लांबीत चिरून तसाच भरायचा. चव उत्तम, फक्त वजन नीट बसत नाही.

पाव आदल्या दिवशीचा असेल तर आणखी बरं. ताजा, गरम पाव कधीही वापरू नका, तो दाबल्यावर चिकट होतो.

सामान (चौघांसाठी, एक मोठा पाव)

टोमॅटो ३ मोठे, पिकलेले. शक्य असेल तर गावरान; संकरित टोमॅटोत गर जास्त आणि रस कमी असतो, आणि आपल्याला रसच हवा आहे.
अंडी ३.
डब्यातला ट्यूना १ डबा, तेलातला असेल तर उत्तम.
अँकोव्हीचे ६ ते ८ तुकडे, मिळाले तर.
पातीचा कांदा २ काड्या.
ढोबळी मिरची अर्धी, कागदासारखी पातळ चिरलेली.
मुळ्याच्या ८–१० पातळ चकत्या.
काळे ऑलिव्ह १५ ते २०, बिया काढून.
बेसिलची १०–१२ पानं.
लसणीची १ पाकळी.
ऑलिव्ह तेल ५ मोठे चमचे.
मीठ आणि ताजी कुटलेली मिरी. हवं असल्यास १ चमचा व्हिनेगर.

काही गोष्टींबद्दल बोलायला हवं. ट्यूना म्हणजे आपला कुपा. घरी ताजा कुपा उकडून वापरता येतो, पण तो कोरडा लागतो; डब्यातला तेलात मुरलेला असल्याने इथे जास्त शोभतो. अँकोव्हीच्या कुळातलीच आपली मांदेली, पण मांदेली घालून हा पाव होत नाही. अँकोव्ही महिनोन् महिने मिठात मुरलेली असते आणि तिची खारट, खोल चवच कामाची असते. अँकोव्ही मिळाली नाही तर एक चमचा केपर (एका झुडपाच्या खारवलेल्या छोट्या कळ्या) बारीक चिरून ट्यूनात मिसळा आणि मीठ थोडं वाढवा.

बेसिलच्या जागी तुळस घालू नका, तिचा उग्रपणा सगळ्यावर चढतो. पण तुमच्या कुंडीत सब्जाचं रोप असेल तर ते बेसिलच्याच जातीचं आहे. त्याचा वास थोडा तिखट असतो, म्हणून चार-पाच पानंच पुरेत.

नीसला वसंतात यात कोवळे कच्चे बाकल्याचे दाणे आणि छोटी जांभळी आर्टिचोक घालतात. ते वाचून कुणी कच्चे पावट्याचे दाणे घालू नयेत. पावटा कच्चा खायचा नसतो. कोवळे गोड मटार घाला, तेवढाच करकरीतपणा येतो.

आणि ऑलिव्ह तेल. बाकी सगळ्यात तडजोड चालेल, यात नाही. पाव या तेलातच न्हायचा आहे. तेल साधं असेल तर पावही साधाच लागेल. एक्स्ट्रा व्हर्जिन, ताजी बाटली, उघडून वर्ष झालेली नको.

करायला घेऊ

आधी टोमॅटो. अर्धा सेंटिमीटर जाडीच्या चकत्या करा, ताटात पसरा, वर पाऊण चमचा मीठ भुरभुरा आणि पंधरा मिनिटं विसरून जा. मीठ टोमॅटोतलं पाणी ओढून बाहेर काढतं. ताट तिरकं केलं की तीन-चार चमचे गुलाबी रस जमलेला दिसेल. तो रस ओतून देऊ नका. आजच्या कामातला तो सर्वांत मौल्यवान भाग आहे. एका वाटीत काढून त्यात तेल आणि व्हिनेगर घालून काट्याने फेटून ठेवा. टोमॅटो आंबट असेल तर व्हिनेगर अजिबात नको. आमच्या घरमालकीणबाई कधीच घालत नसत.

तोवर अंडी. पाणी उकळायला लागल्यावर अंडी सोडायची आणि दहा मिनिटांनी काढून गार पाण्यात टाकायची. जास्त वेळ उकळली तर बलकाभोवती हिरवट कडा येते आणि वासही येतो. पूर्ण गार झाल्यावरच सोलून चकत्या करा. गरम अंडं पावात ठेवलं तर आत वाफ धरते, आणि रात्रभर बंद राहणाऱ्या अन्नात वाफ नको.

पाव आडवा कापा, वरचा भाग खालच्यापेक्षा थोडा पातळ. आतला मऊ गर बोटांनी थोडासा काढा, विशेषतः वरच्या भागातला, म्हणजे सारणाला खोलगट जागा होते. सगळा काढू नका; तेल पिणारा तोच आहे. काढलेला गर वाळवून त्याचा चुरा कटलेटला लावायला वापरा.

लसणीची पाकळी मधोमध कापून तिची कापलेली बाजू पावाच्या आतून दोन्हीकडे चोळा. फक्त चोळायची, वाटून लावायची नाही. रात्रभरात लसूण वाढत जाते. संध्याकाळी जेमतेम जाणवणारी लसूण सकाळी बरोबर लागते.

आता पाव न्हाऊ घालायचा. वाटीतलं तेल आणि टोमॅटोचा रस चमच्याने दोन्ही भागांवर शिंपडत जा. कडेलाही द्या, मधेच सगळं ओतू नका. दोन-तीन चमचे मागे ठेवा. या टप्प्यावर पाव ओलसर दिसला पाहिजे, निथळायला नको. बोटाने दाबल्यावर ओल वर आली पण थेंब पडला नाही, तर प्रमाण जमलं.

थर लावताना क्रम पाळा. खाली टोमॅटो, कारण त्याचं उरलेलं पाणी खालच्या जाड पावाने प्यायचं आहे. त्यावर कांद्याची पात, ढोबळी मिरची, मुळा. मग ट्यूना, काट्याने मोकळा करून, सगळीकडे सारखा. त्यावर अंड्याच्या चकत्या आणि लगेच चिमूटभर मीठ, मिरी. अंड्यावर मीठ पडलं नाही तर सगळा पाव अळणी लागतो. वर अँकोव्ही आडवी-उभी, मग ऑलिव्ह, बेसिलची पानं हातानेच तोडून. मागे ठेवलेलं तेल शेवटी शिंपडा आणि वरचा पाव ठेवा.

हाताच्या तळव्याने एकदा घट्ट दाबा. आतून ‘चुर्र’ असा हलका आवाज येतो. जाळीतली हवा बाहेर पडते आणि तेल आत शिरतं. हा आवाज आला की मला अजून तो ओटा आठवतो.

गुंडाळणं आणि वजन

पाव आधी बटर पेपरमध्ये घट्ट बांधा, सांध्याची बाजू खाली. वर एक धुतलेला सुती पंचा करकचून गुंडाळा. नुसत्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला तर बाहेरचं कवच घामेजतं आणि चिवट होतं. सुती कापड जास्तीची ओल पिऊन घेतं. काठ असलेल्या ताटात ठेवा, कारण थोडा रस बाहेर येतोच.

वजन दोन किलोच्या आसपास हवं. मी खूप गोष्टी करून पाहिल्या. बिडाचा तवा चांगला, पण त्याचा भार मधे पडतो आणि कडा फुगलेल्या राहतात. खलबत्ता तर मधोमध खड्डाच पाडतो. सर्वांत उत्तम काय, तर दोन किलो तांदळाची न फोडलेली पिशवी. ती पावाच्या आकाराप्रमाणे पसरते आणि कडांपर्यंत सारखी दाबते. पावावर आधी छोटं ताट ठेवून मग पिशवी ठेवली तर आणखी सपाट होतो. चार-पाच किलो ठेवू नका. मग सगळा रस ताटात येतो आणि पाव कोरडाच राहतो.

हे सगळं फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात. झोपण्यापूर्वी एकदा पाव उलटा करा, म्हणजे वरच्या भागालाही रस मिळेल. आठ ते दहा तास पुरेत. कमीत कमी दोन तास तरी हवेतच. चोवीस तासांच्या पुढे ठेवू नका: कवच हार मानतं आणि मुळ्याचा वास वर येतो.

उन्हाची गोष्ट

आता जे सांगणार आहे ते कृपा करून गंभीरपणे घ्या. यात अंडं आहे, मासा आहे आणि ओल आहे. फ्रिजमधून काढल्यावर बर्फाशिवाय दोन तासांत संपवायचा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. एप्रिलमध्ये लोणावळ्याला न्यायचा असेल तर पाण्याच्या दोन बाटल्या रात्री फ्रीजरमध्ये गोठवून ठेवा आणि पाव त्यांच्या मधे, थर्मल पिशवीत ठेवा. बाटल्या वितळल्या की प्यायला गार पाणीही मिळतं. गाडी उन्हात उभी असेल तर पिशवी डिकीत ठेवू नका, सोबत घ्या. उरलेला पाव संध्याकाळी घरी आणून पुन्हा फ्रिजमध्ये ठेवायचा नाही.

लांबच्या रेल्वे प्रवासाला मी हा पाव नेतच नाही. तिथे दशम्या आणि चटणीच बऱ्या.

शाकाहारी घरांसाठी

मासा आणि अंडं काढलं की तो पाँ बान्या राहत नाही, तसं म्हणूही नये. पण त्याच प्रदेशातल्या चवींनी दाबलेला पाव छान होतो. पावाला आतून तापनाद लावा: बिया काढलेले काळे ऑलिव्ह वाटीभर, केपर दोन चमचे, अर्धी लसूण पाकळी, लिंबाचा थोडा रस आणि ऑलिव्ह तेल, मिक्सरला जाडसर फिरवून. ‘तापनाद’ हे नाव केपरच्या प्रॉव्हान्साल शब्दावरूनच आलं आहे. मूळ कृतीत अँकोव्ही असते, ती वगळा. आत वांग्याचे आणि झुकिनीचे काप तव्यावर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजून, पूर्ण गार करून घाला. भाजलेल्या लाल ढोबळीची साल काढून तीही घाला. मीठ लावलेला टोमॅटो आणि त्याचा रस वरच्याप्रमाणेच. शेळीच्या दुधाचं मऊ चीज मिळालं तर उत्तम, नाहीतर घट्ट टांगलेल्या चक्क्यात मीठ-मिरी घालून एक पातळ थर द्या. वांगं रात्रभरात तेल सोडतं, म्हणून पावावर शिंपडायचं तेल एक-दोन चमचे कमी करा. चक्का आहे म्हणून उन्हाचे नियम इथेही तेच.

रोजच्या जेवणाला

एकेकट्याचा पाव करायचा असेल तर ब्रुन घ्या. एका ब्रुनला एक लहान टोमॅटो, अर्धं अंडं, दोन चमचे ट्यूना, तीन-चार ऑलिव्ह आणि एक मोठा चमचा तेल पुरतं. पाच-सहा ब्रुन भरून, वेगवेगळे गुंडाळून एकाच ट्रेमध्ये शेजारी-शेजारी ठेवा आणि वरून दुसरा ट्रे नि त्यावर तांदळाची पिशवी. संध्याकाळी सहाला केले की आठच्या जेवणाला तयार. सोबत काही गरम हवंच असेल तर टोमॅटोचं सार. माझा मुलगा सारात बुडवून खातो, आणि भिजलेल्या पावाला आणखी भिजवण्यात मला काही गैर वाटत नाही.

बिघडला तर

खालचा पाव लगदा झाला, तर एक तर पाव मऊ होता, नाहीतर टोमॅटोला मीठ लावून पाणी काढायचं राहिलं. कडेचे घास कोरडे लागले, तर तेल मधेच ओतलं गेलं. सगळं आहे पण चव लागत नाही, असं झालं तर मीठ कमी पडलं. गार अन्नाला गरम अन्नापेक्षा थोडं जास्त मीठ लागतं, म्हणून भरताना जरा खारट वाटेल इतकं घाला. कापताना थर घसरले, तर बहुतेक काकडी घातली असेल. नीसमध्ये काही जण घालतात, मी घालत नाही.

कापणं

कापायचा तो खायच्या जागी, घरी नाही. पंचा सोडा, बटर पेपर राहू द्या. दातेरी सुरीने, न दाबता, करवतीसारखं पुढे-मागे करत कागदासकट कापा, आधी अर्धा, मग चार भाग. साध्या सुरीने दाबून कापलात तर थर बाजूने बाहेर येतात. प्रत्येकाच्या हातात कागद गुंडाळलेला त्रिकोण द्या; खाताना कागद खाली सरकवत जायचा. ताटल्या लागत नाहीत, पण हात पुसायला एक ओला रुमाल बरोबर ठेवा, तेल मनगटापर्यंत येतं.